आम्ही आहोत ना

विमानतळाच्या आत फक्त प्रवाशांना सोडत होते. मी मास्क आणि त्यावर प्लास्टिकची शील्ड लावून दारात उभी होते. बाबांचा मास्क नाकाखाली घसरला होता. "काही लागलं तर फोन कर," ते म्हणाले. "आम्ही आहोत ना."

हे वाक्य बाबा कुठेही वापरतात. माझा निकाल लागायचा असो, की शेजाऱ्यांचा गॅस संपलेला असो. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे असेल, मला ते अर्धवट वाटायचं. आहोत, म्हणजे कुठे?

मी शिकायला गेले त्या टिलबर्ग या डच शहरात क्लासेस ऑनलाइन झाले आणि आमच्या भाड्याच्या घरातल्या बाकीच्या मुली आपापल्या गावी गेल्या. उरलो मी आणि हिवेत. ती इथिओपियातल्या तिग्रेची. मी बोलायला बुजते, ती माझ्याहून बुजरी. ती कॉफीच्या बिया तव्यावर भाजायची, मी कुकर लावायचे. शिटी झाली की ती दचकायची आणि मग स्वतःलाच हसायची.

थंडी सुरू होताना तिच्याकडे यादवी युद्ध पेटलं. तिथले फोन बंद पडले. आता ती शिटीला दचकली की हसत नसे. मी वरण पातेल्यात शिजवायला लागले.

आई रोज व्हिडिओवर विचारायची, "अगं, तिचे आई-वडील आहेत का?"

"असं कसं विचारू?"

"तोंडाने विचार. इंग्रजी शाळेत कशाला घातलं होतं तुला?"

एकदा भांडी घासताना, तिच्याकडे न बघता मी विचारलं, "आर युअर पेरेंट्स देअर?"

"येस," हिवेत म्हणाली. "दे आर देअर."

मी आईला कळवलं, आहेत. आईने तिथेच देवाला हात जोडले. दुसऱ्या दिवशी तिने हिवेतला स्क्रीनसमोर बोलावलं आणि आपल्या इंग्रजीत म्हणाली, "व्हेरी गुड, बेटा! मम्मी-पप्पा आर!"

हिवेतला काही कळेना. मी समजावून सांगितलं की आमच्यात 'आहेत' म्हणजे जिवंत आहेत. पुढे काही जोडावं लागत नाही.

ती इंग्रजीत म्हणाली, "नाही. मी 'तिथे' म्हटलं होतं. गावात. जिथे सैनिक आहेत. ते आहेत की नाही, मला माहीत नाही."

आईला सगळं समजलं नसावं, पण चेहरा समजला. त्यानंतर तिने तो प्रश्न विचारला नाही. "ती जेवली का?" एवढंच विचारायची.

बाहेर माझ्या फीत्सच्या, म्हणजे सायकलच्या, सीटवर बर्फ साचला होता, त्या सकाळी हिवेतला फोन आला. तिचा चुलतभाऊ चालत सीमा ओलांडून सुदानमधल्या छावणीत पोचला होता, तिथून बोलत होता. फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात आली आणि थांबत थांबत सांगू लागली. सैनिकांनी घरोघरी जाऊन पुरुषांना बाहेर काढलं होतं. चर्चच्या मागे नेऊन गोळ्या घातल्या. बायकांना प्रेतांजवळ जाऊ दिलं नाही. त्यात तिचे वडील होते. धाकटा भाऊ होता.

मग ती म्हणाली, "माय मदर इज."

मी पुढच्या शब्दाची वाट बघत राहिले. वाक्य संपलं होतं.

घरी पाहुणे बोलवायला बंदी होती. तिच्या लोकांनी लॅपटॉपवर शोक केला, प्रत्येक जण आपापल्या चौकोनात रडत होता. मी त्यांच्यासारखी कॉफी करायला गेले आणि बिया करपवल्या. हिवेतने ती कॉफी पूर्ण प्यायली.

आता मी जवळच्याच ब्रेडा शहरात नोकरी करते. हिवेत अजून टिलबर्गला असते. तिच्या आईचा फोन कधी लागतो, कधी लागत नाही. घर कुठे, असं ऑफिसात विचारलं की मी पटकन पुणे म्हणते, आणि रविवारी पुण्याला फोन लावते.

"काय चाललंय, बाबा?"

"काही विशेष नाही," बाबा म्हणतात. "आहोत."

कुठे, असं मी आता विचारत नाही.