मामाची योकोहामाची सहल

आमच्या मामाचा हात तोंडाआधी चालायचा. वरणात मीठ कमी पडलं की ताट भिंतीवर, त्याच्या लेकाला, समीरला, मार्क कमी पडले की पट्टा, आणि मामी मध्ये पडली की तिच्या गालावर पाच बोटं. राग उतरला की हाच माणूस खाली जाऊन सगळ्यांसाठी शावर्मा आणायचा आणि समोर बसून आग्रहाने खायला घालायचा. सुजलेल्या ओठाने शावर्मा कसा खातात, ते समीरला विचारा.

आईबाबा दुबई सोडून पुण्याला परतले तेव्हा माझी दहावी व्हायची होती, म्हणून मी दुबईतच, करामा भागात मामाकडे राहिले. मला मात्र त्याने कधी बोट लावलं नाही. भाचीला मारलं की म्हातारपणी हात कापतात, अशी त्याची पक्की समजूत. त्याचा आवाज चढला की समीर धावत माझ्या पाठीमागे येऊन उभा राहायचा. मामाचा माझ्यावर जीव होता आणि माझाही त्याच्यावर होता. आता त्याची लाज वाटते, पण खोटं कशाला सांगू?

घरातले सगळे पासपोर्ट मामाच्या कपाटात कुलपात असायचे. "व्हिसा माझ्या नावावर, म्हणजे तुम्हीही माझ्या नावावर," असं तो म्हणायचा. मामीला लेकाला घेऊन कायमचं माहेरी जायचं होतं. ती पासपोर्ट मागायची तेव्हा तो "इन्शाल्ला" म्हणायचा, आणि त्याच्या तोंडी त्याचा अर्थ नाही असाच असायचा.

शारजात त्याचं जुन्या जपानी गाड्यांच्या पार्ट्सचं दुकान होतं. माल बघायला तो योकोहामाला जायचा. एका वर्षी धंदा बरा झाला आणि त्याने आम्हालाही नेलं. बंदरावरची जहाजं तो अशा थाटात दाखवत होता की जणू वडिलोपार्जितच आहेत. प्रत्येक जहाजापुढे आम्हाला रांगेत उभं करून शूटिंग चालू होतं. तेवढ्यात समीरने क्षणभर कठड्यावर ठेवलेला नवा व्हिडिओ कॅमेरा समुद्रात पडला.

मी आईस्क्रीमच्या रांगेत होते. वळून पाहिलं तर समीर जमिनीवर पडलेला आणि मामा त्याला लाथा घालत होता. पोराचा पुढचा दात अर्धा तुटला होता, स्वेटर रक्ताने भरला होता. मामी त्याच्या अंगावर पालथी पडली, तर तिलाही तुडवलं. करामात असं झालं की शेजारी दारं लावून घ्यायचे. इथे माणसं थांबली आणि कुणीतरी पोलीस बोलावला.

पोलीस अगदी तरुण होता. मामा "फॅमिली मॅटर, फॅमिली मॅटर" म्हणत राहिला. पोलिसाने पासपोर्ट मागितले, तसे मामाने कमरेच्या पाउचमधून चारही काढून दिले. पोलिसाने फोटो आणि चेहरे ताडून पाहिले आणि ज्याचा त्याला, दोन्ही हातांनी, किंचित वाकून परत केले. समीरचा मामीकडे दिला.

हॉटेलवर पोचताच मामाने हात पुढे केला. "दे इकडे."

"माझा आहे," मामी म्हणाली. "माझ्यापाशीच राहील. त्याचाही."

त्याने तिला भिंतीवर आपटलं. तिने पर्स सोडली नाही. मी मध्ये जाऊन उभी राहिले, तेव्हा कुठे तो थांबला.

परतताना विमान मुंबईत बदलायचं होतं. मामी समीरचा हात धरून सरळ बाहेर जायच्या रांगेत जाऊन उभी राहिली. मामा दोन पावलं पुढे झाला, तिथल्या पोलिसांकडे बघून थबकला. मग मला "यल्ला, चल" म्हणाला. आम्ही दोघंच दुबईला परतलो.

पुढे मी दुबईतच नोकरीला लागले. मामा अंथरुणाला खिळला तेव्हा त्याने मला मामीला फोन करायला लावला. "त्याला बरं वाटू दे," मामी शांतपणे म्हणाली, "पण त्याच्या व्हिसावर मी पुन्हा येणार नाही."

मी ते तसंच सांगितलं. मग त्याने विचारलं,

"समीरचा दात बसवला का गं?"

"बसवला," मी म्हणाले.

खरं तर त्या अर्ध्या दाताला समीरने कुणालाच हात लावू दिला नव्हता.