उंच केलेली खुर्ची

स्टेजवर टेबल, टेबलाच्या पायांखाली विटा. टेबलावर लाल मखमलीची खुर्ची आणि खुर्चीत दादासाहेब. बूट-मोजे काढलेले त्यांचे पाय माझ्या छातीच्या उंचीवर आले होते. अत्तराचा आणि ओलसर चामड्याचा वास एकत्र होऊन माझ्या नाकाशी थांबला होता.

हे सारे माझ्यासाठी केले होते. कारण माझी कंबर वाकत नव्हती.

कमरेपासून पावलांपर्यंत मी यंत्रात होते. अंगावरून घालायचा, विजेवर चालणारा तो सांगाडा. मांड्यांना पट्टे, गुडघ्यांशी मोटारी, पाठीवर बॅटरी, तोल सावरायला दोन्ही हातांत कुबड्या. दादासाहेबांनी तो मोताळ्याच्या उपचार केंद्राला दान दिला होता आणि त्या दिवशी त्याचे लोकार्पण होते. फिजिओथेरपीच्या मॅडमनी आदल्या दिवशीच व्यवस्थापकांना बजावले होते, "या यंत्राला उठता, बसता, चालता येतं. ओणवं होता येत नाही. ती वाकली तर पडेल."

व्यवस्थापक क्षणभर विचारात पडले. मग म्हणाले, "मंग पाय वर घेऊ. पाया पडल्याबिगर कार्यक्रम कसा होईन?"

कुणीही हसले नाही. विटा आणायला माणूस गेला.

मी रोहिणखेडची. बौद्ध वस्तीतली. कापसाच्या हंगामात ट्रॉलीत कापूस तुडवायचे काम करत असे. वरून कापूस पडत राहतो, आपण पायांनी दाबत राहायचे. मऊ, उबदार, घोट्यांना गुदगुल्या करणारा. ट्रॉली काठाच्या वर भरली होती तेव्हा मी घसरले. खाली जमिनीवर, पाठीवर पडले. माझ्या पायांना शेवटचे जे कळले, तो कापूस होता. त्यानंतर पाय माझ्या अंगाला होते, पण त्यांनी मला काहीच सांगितले नाही.

केंद्रातल्या सरावात यंत्रातले पहिले पाऊल मला कानांनी कळले. मोटारीची बारीक गुणगुण, मग फरशीवर ठक्. जमिनीचा स्पर्श नाही, गारवा नाही, फक्त आवाज. तरी ते पाऊल माझे होते. मोठा आरसा मॅडमनी पुढे सरकवला आणि मी स्वतःला उभी पाहिले. माझी उंची मी विसरले होते. आई दाराशी उभी होती. पदर तोंडात कोंबून ती रडत होती. तिच्या डोक्यावरचे पांढरे केस मी वरून पहिल्यांदाच पाहिले.

त्यानंतर तिला एकच ध्यास लागला. मी तिच्यासोबत घराच्या दारापर्यंत चालत यावे.

आता स्टेजवर माईकमधून आवाज आला, "ताई, एक हात मोकळा करा. दादासाहेबांच्या चरणांना स्पर्श करा. मग पाऊल टाका."

माझे हात कुबड्यांवर आवळले. आमच्या वस्तीत माणूस माणसाला जयभीम म्हणतो, छाती ताठ ठेवून. हे मला आईनेच शिकवले होते. शाळेत मी पाटलांच्या पाहुण्यापुढे वाकले, तेव्हा तिने घरी मला समोर बसवून विचारले होते, "काऊन वाकली व? त्याचं काय खाल्लं तू?"

"नमस्कार करते मी," मी म्हणाले. "पाया पडणार नाही."

 व्यवस्थापक माईक बाजूला धरून बोलले, तरी ते मला ऐकू आले, सगळ्यांनाच आले. "तुमच्या लोकाईले कितीही द्या, मान काही खाली जात नाही."

खालून आई आली. माझी रिकामी चाकाची खुर्ची तिथेच सोडून, पायऱ्या चढून. माझ्या कानाशी तिचा श्वास गरम लागला. "पाया पडून घे ना माय. काय जाते तुह्यं? हे मशीन नेतीन ते."

मी मान हलवली. नाही.

तिने माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे, दयेनेही नव्हे. हिशेब संपलेल्या माणसासारखे. मग ती वळली, मान झुकवली आणि त्या दोन पायांवर तिने कपाळ टेकले. माझ्यासाठी. मी वाकावे असे त्यांना हवे होते तेवढे सगळे तीच वाकली.

टाळ्या पडल्या. दादासाहेब हसून म्हणाले, "जाऊ द्या. पोरगी अज्ञानी आहे, माय समजदार आहे. चालवा तिले."

मॅडमचे बोट बटणावर होते. गुडघ्यांशी गुणगुण सुरू झाली. एक पाऊल, आणि मला हवे होते ते सगळे पुढे होते.

"मॅडम, थांबा. मले बसवा. हे काढा."

"अगं, वेडी आहेस का?"

"काढा."

वेल्क्रोचे पट्टे एकेक सुटत गेले. तो फाटल्यासारखा आवाज अजून माझ्या मांड्यांवर आहे, जिथे मला दुसरे काहीच जाणवत नाही. माझ्या जागी दुसऱ्या एका माणसाला यंत्र बांधले गेले. तो पाया पडला, चालला. मी त्याला दोष देत नाही. त्याचे पाऊल पडताना मी डोळे मिटले नाहीत.

 गावी परतताना ऑटोत, फाटा आल्यावर आई म्हणाली, "मले तुले चालतानी पाह्याचं होतं. बस. त्यात माह्यं कपाळ लागलं तं लागलं."

  आता ती रोज माझ्या पायांना तेल चोळते आणि माझ्याशी कमी बोलते. केंद्राने मला पुन्हा बोलावले नाही.

ते यंत्र मला हवे आहे. रोज हवे आहे. सरकारी दवाखान्याच्या दारात खुर्ची लावून मी ते मागत राहीन, माझ्यासारख्या जितक्यांना जमेल तितक्यांना सोबत नेऊन मागेन. मिळाले तर चालेन. नाही मिळाले तर याच चाकांवर म्हातारी होईन. पण माझ्या चालण्याच्या बदल्यात आईचे कपाळ पुन्हा कुणाला देणार नाही, तिने स्वतः दिले तरी.