थोरलीचं कडवं

इस्पितळाच्या धुलाईघरात थोरली एकवीस वर्षं चादरींना इस्त्री करत होती. वाफेनं तिचे हात कोपरापर्यंत तांबूस झाले होते, आणि जीभ इस्त्रीहून गरम, असं सोबतच्या बायका म्हणत.

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याशी तिचं कधी पटलंच नाही. तो हिपहॉप गाणारा. त्याच्या गाण्याचा तिला राग नव्हता. राग होता तो वेगळाच. मुलगी झाली तेव्हा त्यानं बायकोला बजावलं होतं, "तुझ्या आईची भाषा या घरात नको. पोरीच्या डोक्यात गोंधळ होतो." धाकटीनं मुकाट मान डोलावली, आणि थोरलीच्या मनात अढी बसली ती बसलीच.

एकदा जेवणाच्या सुट्टीत सोबतिणीनं मोबाइलवर नवं गाणं लावलं. ढोलाचे ठोके, कुठल्याशा परमुलखातली बासरी, मेहुण्याची भरधाव बडबड, आणि मध्येच थोरलीचा स्वतःचा आवाज! मागच्या भेटीत धाकटी बाहेर गेलेली असताना तिनं भाचीला आईच्या भाषेतली अंगाई गाऊन झोपवलं होतं. मेहुणा दारात उभा होता. आता हा भांडणार, असं तिला वाटलं होतं, पण तो तसाच निघून गेला. त्याच्या हातातला मोबाइल काय करत होता, ते आज कळलं.

तिनं डबा तसाच बंद केला. काम सुटल्याबरोबर ती तडक त्याच्या दारात.

"माझा आवाज कुणाला विचारून घेतलात?"

"ताई, रागावू नका. लोकांनी डोक्यावर घेतलंय. रविवारी दुपारी सभागृहात कार्यक्रम आहे. दोन भाषा, दोन आवाज, तुम्ही आणि मी. याल ना?"

"घरात जिला बंदी, तिला लोकांपुढे मिरवायचं?"

"घर वेगळं, कला वेगळी."

थोरली म्हणाली, "येते. पण शब्द माझे. एक अक्षर बदलायचं नाही."

"तुमचे तर तुमचे," तो हसला. "कळतंय कुणाला?"

हे शेवटचं तिच्या जिव्हारी लागलं.

सरावाच्या वेळी तिनं अंगाईच्या चालीवर त्याचा असा उद्धार केला, की ऐकून धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. 'बायकोचं तोंड शिवणारा शिंपी' ही त्यातली सौम्य ओळ. मेहुणा डोळे मिटून डोलत होता. "वा ताई, काय आर्त सूर लावलात!" धाकटी उठून आत गेली.

रविवारी सभागृह खचाखच भरलं. दुसऱ्या फेरीला तर लोक ध्रुवपदही म्हणू लागले; न कळणाऱ्या भाषेत मेहुण्याच्याच नावानं शिमगा करत नाचू लागले. गाणं संपलं तेव्हा निवेदिकेनं अर्थ विचारला.

"मायभूमीची ओढ," मेहुण्यानं ठोकून दिलं.

थोरलीनं माइक ओढला, आणि सगळ्यांना कळेल अशा भाषेत म्हणाली, "ओढ कसली! या माणसानं माझ्या बहिणीची भाषा तिच्याच घरात बंद केली आणि माझा आवाज चोरला. तेच गायलेय मी."

टाळ्या थांबल्या. मेहुणा लालबुंद झाला. "आणि तुम्ही? दर भेटीला माझा संसार फोडायला बघता, ते सांगा की!"

तेवढ्यात पहिल्या रांगेतून धाकटी उठली. "पुरे! एकानं माझं तोंड बंद केलं, दुसरी माझ्या तोंडचं परस्पर बोलून मोकळी झाली. मला विचारलंत का दोघांपैकी एकानं तरी?" मुलीचा हात धरून ती निघून गेली.

थोरली विंगेत एकटीच उभी राहिली. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तसं वाटेना.

मेहुण्यानं गाण्यातून तिचा आवाज काढून दुसरी गायिका घेतली. धाकटीनं चार महिने फोन उचलला नाही. मग एका दुपारी स्वतःहून केला, आईच्या भाषेत, मागे नवऱ्याची चिडचिड स्पष्ट ऐकू येत असताना.

"पोरीला आपली भाषा शिकवतेय. हा रोज कटकट करतो. करू दे."

"मी येऊ का शिकवायला?"

"तू नको. तुझ्यावरचा राग गेलेला नाही माझा."

फोन बंद झाला. थोरलीनं पुढची चादर ओढली आणि इस्त्री अशी आपटली, की शेजारची सोबतीण दचकून दोन पावलं मागे सरली.