माया आत झोपत नाही

पाय प्लास्टरमध्ये होता म्हणून विशाखा लातूरला लेकीकडे राहायला आली. नाहीतर किल्लारी सोडून तीन आठवडे कुठे राहील अशी ती बाई नव्हती. अंगणवाडीच्या भिंतीवर तक्ता लावताना ती स्टुलावरून पडली होती. सोळा वर्षं तिने गावातली पोरं वजनकाट्याच्या झोळीत लटकवली. कुणाचं लेकरू कितव्या महिन्यात बसायला लागलं, हे त्याच्या आईआधी तिला आठवायचं. गावात तिची आणखी एक ओळख होती. ती बारा महिने ओट्यावर झोपायची. थंडीत दोन गोधड्या घ्यायची, पावसात पत्र्याखाली सरकायची, पण भिंतींच्या आत पाठ टेकायची नाही. भूकंपानंतर नव्याने वसलेल्या त्या गावात याचं कुणाला नवल वाटत नसे.

तिची लेक पुनम घरी बसून एका गेम बनवणाऱ्या कंपनीचं काम करायची. जादू, तलवारी आणि राक्षस असलेल्या एका खेळातलं सगळं बोलणं ती मराठीत आणत होती. आता कंपनीला असं माणूस हवं होतं, ज्याने असला खेळ कधी पाहिलाही नाही. त्याला पहिल्यांदा काय वाटतं, कुठे अडतं, ते टिपून पाठवायचं होतं.

"मम्मी, तुझ्याइतकं कोरं माणूस मला अख्ख्या लातुरात सापडायचं न्हाई."

"मोबाईलवर सापाचा खेळ खेळलेय मी."

"तो धरत न्हाईत."

लॅपटॉपने आधी नाव विचारलं. विशाखाने एका बोटाने शोधत शोधत अक्षरं दाबली: माया.

पुनमने मान वर केली. माया म्हणजे महामाया, आईची थोरली बहीण. त्र्याण्णवच्या भूकंपात गेली तेव्हा पंधरा वर्षांची होती. तिचा एकही फोटो घरात नव्हता. सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशी मेणबत्ती लावताना तिचं नाव निघायचं, तेवढंच.

पडद्यावर एका पायवाटेवर माया उभी राहिली.

"एवढं लोखंड कशाला घातलंय पोरीच्या अंगावर?" विशाखा म्हणाली. मग ती पुढे वाकली. "श्वास घेतीय की गं ही."

बटणांवरून हात काढला की माया एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर द्यायची, केस कानामागे सारायची आणि हळूच मान वळवून सरळ बाहेर पाहायची.

"माझ्याकडं का बघून राहिली?"

"तू थांबलीस की तसं करते ती. कंटाळा आला म्हणून."

"कंटाळलेलं माणूस असं बघत न्हाई."

राक्षसांकडे विशाखा फिरकलीच नाही. वाटेच्या टोकाला एक गाव होतं. ती त्यातल्या घरांभोवती मायाला फिरवत राहिली. पुनमने वहीत लिहिलं, 'चाळीस मिनिटं, नुसत्या भिंती.' भिंती गोल दगडांच्या होत्या, मातीत रचलेल्या. दोन भिंतींना धरून ठेवणारा लांब दगड कोपऱ्यात कुठेच नव्हता. वर मातीचं जाड माळवद, भूकंपात पडलेल्या जुन्या किल्लारीतल्या घरांसारखं.

"हे कुणी बांधलं?"

"परदेशातल्या पोरांनी काढलंय. त्यांना काय माहीत आपल्याकडचं."

"मग असंच बांधायचं म्हणून त्यांना सांगितलं कुणी?"

त्या गावात अर्ध्या तासाला रात्र व्हायची. इकडे गल्लीत दुपारचं ऊन असायचं, भाजीच्या गाडीचा भोंगा वाजत असायचा, आणि तिकडे पडद्यावर अंधार उतरायचा. माणसं एकेक करून आत जायची आणि सगळी दारं एकाच क्षणाला लागायची. फक्त धर्मशाळेच्या दारात एक म्हातारी दिवा घेऊन उभी असायची. म्हणायची, "भिंती दगडाच्या आहेत, बाई. निर्धास्त झोप."

हे वाक्य पुनमनेच लिहिलं होतं.

विशाखाने मायाला माघारी वळवलं आणि गावाबाहेरच्या खळ्यावर आणून उभं केलं. तिथे डोक्यावर काहीच नव्हतं.

"झोपव हिला इथंच."

"इथं झोपता येत न्हाई, मम्मी. धर्मशाळेत झोपलं तरच खेळ साठवला जातो. न्हाईतर लॅपटॉप बंद पडला की माया पुसली."

"मग बंद करू नको."

चार दिवस लॅपटॉप चार्जरला लावून सुरू राहिला. खळ्यावर ऊन पडायचं, धुकं यायचं, पुन्हा रात्र व्हायची, आणि माया तिथेच उभी. विशाखा कुबडी टेकत खोलीत यायची तेव्हा मायाची मान आधीच तिच्याकडे वळलेली असायची.

पाचव्या दिवशी दुपारी अडीचला लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी जुनी. बघता बघता बारा टक्क्यांवर आली. पिठाच्या हातांनी पुनम धावत आली.

"सरक, पटकन नेते तिला आत. एका मिनिटाचं काम हाय."

विशाखाने दोन्ही पंजे बटणांवर पसरले.

"नको."

"अगं, पुसली जाईल ती!"

"जाऊ दे. आत नको."

नऊ टक्के. गावातली दारं लागली.

"त्या रात्री भाईर बाज एकच होती," विशाखा पडद्याकडे बघत म्हणाली. "तिची होती. मला उकडतंय म्हणून मी रडून घेतली. तिला म्हणले, तू जा आत. ती गेली. उंबऱ्यात थांबून एकदा माझ्याकडं बघितली."

आपल्या बावीस वर्षांच्या आयुष्यात पुनमने हे कधी ऐकलं नव्हतं. तिच्या बोटांवरचं पीठ वाळत चाललं होतं. तीन टक्के. मायाने केस कानामागे सारले. मान वळवली. विशाखाने नजर काढली नाही. मग पडदा काळा झाला.

पावणेचारला लाईट आली. खेळ पहिल्यापासून सुरू झाला आणि त्याने पुन्हा नाव विचारलं.

"राहू दे, मम्मी. एवढंच कळवते त्यांना."

विशाखाने लॅपटॉप पुढे ओढला आणि एका बोटाने लिहिलं: विशाखा.

या वेळी ती भिंती बघत थांबली नाही. सरळ धर्मशाळेच्या दारात गेली. म्हातारीने दिवा वर केला. "भिंती दगडाच्या आहेत, बाई. निर्धास्त झोप."

"हाव," विशाखा मोठ्याने म्हणाली. आत खाट होती. तिने बटण दाबलं.

अंधार झाला.

"किती वेळ राहतो हा?"

"तीन सेकंद."

विशाखाने धडधाकट पाय फरशीवर घट्ट रोवला. मग उजेड आला. माळवद जागेवर होतं, भिंती उभ्या होत्या. खाटेवरची बाई उठून बसली. विशाखाने श्वास सोडला आणि तिला दाराशी आणलं.

"झोप लागली का, बाई?" म्हातारीने विचारलं. पण ती विशाखाकडे बघत नव्हती. तिचं तोंड गावाबाहेर, खळ्याकडे होतं, आणि ते तसंच राहिलं.

पुनम वाकली. "असं व्हायला नको. बोलताना तिनं तुझ्याकडं बघायला पाहिजे." तिने वही ओढली. "तिकडं काय हाय बघ बरं, मम्मी."

खेळातली नजर खळ्याकडे वळवायला एकच बटण पुरे होतं. विशाखाचं बोट त्या बटणावर बराच वेळ नुसतं टेकून राहिलं.

"बघू दे म्हातारीला," ती म्हणाली. "ते लिहू नको."