रांगोळीनं आखलेला ओटा

आमच्या भाडेकरू काकांनी जितकं बांधलं तितकं ग्वाल्हेरात दुसऱ्या कोणी बांधलं नसेल. फरक इतकाच की ते सगळं कागदावर राहिलं. दरबाराच्या बांधकाम खात्यात ते नकाशे काढत. मग संस्थान विलीन झालं, मध्यभारत राज्य आलं, खात्याची पाटी बदलली आणि काकांचे नकाशे गुंडाळून कपाटावर गेले. त्यांना राग आला नाही. संध्याकाळी फिरायला निघाले की ते फूलबागेतल्या एका मोकळ्या हिरवळीला भला मोठा वळसा घालत. मी तेव्हा नवी सून, मला सरळ चालायची सवय. म्हटलं, "काका, मधून जाऊ की." तर म्हणाले, "मधून कसं जाणार, सूनबाई? कारंजं आहे तिथं. भिजाल."

प्रामाणिक इतके की जुनं खातं मोडलं त्या दिवशी त्यांनी खिशातला खडूचा तुकडासुद्धा परत केला. तो दरबारचा होता, नव्या सरकारनं त्यांना दिला नव्हता. तेव्हापासून घरात काहीही आखायचं झालं की ते काकूंचा रांगोळीचा डबा उचलत.

जयेंद्रगंजातल्या आमच्या घरात खालच्या खोल्यांत ते राहत. स्वयंपाकघरात दगडी ओटा होता आणि त्यात कोळशाच्या शेगडीपुरती खाच. काकूंच्या भावानं वातींचा मोठा स्टोव्ह आणून दिला, तो त्या खाचेपेक्षा चार बोटं रुंद निघाला. ओट्यावर ठेवावा तर काकूंचा हात पातेल्यापर्यंत पोचेना. काका म्हणाले, "दगड कापू. हो जाएगा." आणि त्याच उत्साहात त्यांनी जुनी शेगडी गल्लीतल्या धोब्याला देऊन टाकली. झालं, काकू आपले दुखरे गुडघे घेऊन जमिनीवर स्वयंपाक करू लागल्या.

काका रोज संध्याकाळी ओट्यावर रांगोळीची रेघ ओढत, स्टुलावर बसत आणि डोळे अर्धवट मिटून तिच्याकडे बघत राहत. काय बघता विचारलं, तर म्हणत, "स्टोव्ह बसलाय. चहा उकळतोय. काकू उभी आहे." इतकं छान दिसत असताना छिन्नी कोण उचलणार? एकदा कापला की दगड वाढत नाही, हेही ते वर ऐकवत. सकाळी काकू सोवळ्यानं ओटा धुवायच्या आणि रेघ मोरीतून वाहून जायची. पावसाळा गेला, दिवाळी गेली.

मग राज्यांची पुनर्रचना झाली, राजधानी भोपाळला गेली आणि मागोमाग काकांच्या बदलीचा हुकूम आला. मी सरळ सांगितलं, "काका, आता दगडाला हात लावू नका. महिन्यात तुम्ही जाणार, खाच कोणासाठी?"

 काकांनी रेघ मात्र त्या संध्याकाळीही ओढली.

सकाळी मी खाली गेले तर ओटा कोरडा. काकू जमिनीवर भाजी चिरत होत्या, रेघ जशीच्या तशी. पारोसा ओटा काकूंच्या घरात मी कधी पाहिला नव्हता. मी विचारलं, "काकू, आज धुतला नाहीत?"

"राहू दे," त्या म्हणाल्या. "जन्मभर कागदच गुंडाळले त्यांनी. एक तरी वस्तू बनून जाऊ दे."

काका दारात उभे होते. त्यांनी ऐकलं. तसेच आत जाऊन त्यांनी छिन्नी आणली आणि दिवसभर स्वयंपाकघरातून ठोक्यांचा आवाज येत राहिला. दिवेलागणीला स्टोव्ह सरकवला तो अलगद आत बसला. काकूंनी उभ्यानं चहा केला. काका स्टुलावर होते, आणि या वेळी डोळे सताड उघडे. चहा घेताना म्हणाले, "सूनबाई, जरा गोड झालाय. मला दिसायचा त्यात साखर कमी होती."

ते दोघं भोपाळला गेले, स्टोव्हही गेला. त्या खोल्यांत आता माझं स्वयंपाकघर आहे. माझी शेगडी त्या खाचेत हलते. गवंडी दोनदा म्हणाला, "बाईजी, भर दूँ?" मी नाही म्हटलं. उरलेल्या जागेत सांडशी बरी राहते.

मी घासूनपुसून ठेवणारी बाई आहे. तरी त्या कापलेल्या कडेला, छिन्नीच्या खाचखळग्यांत, थोडी पांढरी रांगोळी अजून आहे. ओटा धुताना माझा हात तिथवर जातो आणि वळसा घालून पुढे सरकतो.