घर पडलं, असं ताई म्हणाल्या

विदर्भ महाराष्ट्रात गेला त्याला बरीच वर्षं झाली होती, तरी माझे सासरे नागपूरला अजून ‘आपल्याकडे’ म्हणायचे आणि जबलपूरला ‘इकडे’. मी त्यांना मामाजी म्हणायची. जबलपूरजवळच्या खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत ते तपासणीच्या कामावर होते. तयार माल हातात घ्यायचा, खोट शोधायची, सापडली की बाजूला काढायचा. नोकरी संपल्यावर माल राहिला नाही, खोट शोधणं तेवढं राहिलं. क्वार्टर माझ्या नवऱ्याच्या नावावर झालं होतं, तेही त्याच फॅक्टरीत. दूधवाला, भाजीवाली आणि मी, असे तिघं रोज मामाजींच्या तपासणीतून जायचो.

त्या वैशाखात रेडिओवर समुद्राकाठच्या वादळाची बातमी आली. इकडे आकाश कोरडं ठणठणीत, दुपारी भाजणाऱ्या वाऱ्याची लू सुटायची, रस्ते ओस पडायचे. निवेदक ‘तटवर्ती इलाके’ म्हणाला आणि मामाजी खाटेवर उठून बसले. त्यांची मुलगी, माझी मोठी नणंद ताई, तिकडेच होती. तिचा नवरा रेल्वेत बाबू, पूर्व किनाऱ्यावरच्या एका लहानशा स्टेशनात त्याची बदली झालेली. घरात तो, त्याची आई आणि ताई. मूलबाळ नव्हतं. आम्ही तार केली. उत्तर आलं नाही.

आठवड्याभराने एका सकाळी दारात सायकलरिक्षा थांबली आणि ताई उतरल्या. एक ट्रंक, एक पिशवी. मामाजी अनवाणीच धावले.

“घर पडलं, बाबा,” ताई म्हणाल्या. “काहीच नाही राहिलं.”

मामाजींनी त्यांचं डोकं छातीशी धरलं. मी मामाजींना रडताना पहिल्यांदा पाहिलं. दोन-तीन दिवस कोणी काही विचारलं नाही. मग मामाजींचा जुना स्वभाव हळूहळू जागा झाला.

“जवाई कुठं हायेत?”

“ड्यूटीवर. लाईन उखडली न, तेच काम चालू आहे.”

“अन् सासू?”

“त्यांच्यासोबतच.”

“घर पडलं तर राहून कुठं राहिले दोघं?”

ताई उठून नळावर गेल्या.

त्या दुपारी मामाजी स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि आवाज खाली करून मला म्हणाले, “सूनबाई, ती ट्रंक पाहिली का तुम्ही? पाण्याचा एक डाग नाही. अन् ती लोणच्याची बरणी! ज्या घराचं छप्पर उडालं तिथून काचेची बरणी साबूत येते?”

मी पाहिलं होतं. लुगडी नीट घडी घातलेली होती, खाली वर्तमानपत्र अंथरलेलं. घाईत निघालेल्या बाईची ती ट्रंक नव्हती. पण मी ताईंचे तळहातही पाहिले होते. दोन्हींवर आडव्या, अर्धवट भरलेल्या जखमा होत्या. विचारलं तर म्हणाल्या, “भाजलं.” भाजल्याचे डाग असे नसतात, एवढं मला कळत होतं. म्हणजे संशय मलाही होताच. फक्त मामाजींचा एका दिशेला जायचा आणि माझा दुसऱ्या.

मामाजी बसने जबलपूर स्टेशनात गेले आणि तिकडून आलेल्या एका गार्डला गाठून चौकशी करून आले. गार्ड म्हणाला होता, “मछुआरों की बस्ती साफ हो गई, चाचा. रेलवे के पक्के क्वार्टर तो सब खड़े हैं.” मामाजी पाणीही न पिता खाटेवर बसले.

“खोटं बोलून राहिली ती,” ते माझ्या नवऱ्याला म्हणाले. “भांडून आली, का काही करून आली, कोणाले मालूम!”

बुद्धपौर्णिमेला आम्ही वंदनेला विहारात गेलो. खीर वाटताना बाया ताईंकडे बघत मला विचारत होत्या, “एकट्याच आल्या? नवरा नाही आला?” मी म्हटलं, कामात आहेत. त्यांना पटलं नाही. मला तरी कुठं पटलं होतं!

एक दिवस भर दुपारी लूचा झोत आला आणि मागचं दार धाडकन आपटलं. ताई गहू निवडत होत्या. सूप तिथंच टाकून त्या उठल्या, दाराला पाठ लावली, दोन्ही पाय जमिनीत रोवले.

“ताई, लू आहे. दुसरं काही नाही.”

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या. पण दारापासून बऱ्याच वेळानं हलल्या.

मग एका रविवारी ताईंचे यजमान, भाऊजी, आले. अंगात कडक इस्त्रीचा सदरा, हातात मिठाईचा डबा. मी पाणी दिलं. ताई आतल्या खोलीच्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

“घ्यायला आलो,” भाऊजी म्हणाले. “आईची तब्येत बरी नाही. घर असं किती दिवस चालणार?”

“घर?” मामाजी म्हणाले. “घर तर पडलं न?”

भाऊजी हसले. “कोण म्हणतं, बाबूजी? एक खिडकी गेली, बस. सरकारी बांधकाम आहे.”

मामाजी ताईंकडे वळले. “ऐकलं? काहून खोटं बोलली तू?”

ताईंचा आवाज चढला नाही. “घर उभं आहे म्हटलं असतं तर तुम्ही दुसऱ्या गाडीत बसवून दिलं असतं मला. पडलेल्या घरी पोरीला कोणी परत नाही पाठवत.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. सकाळपासून वारा वाढत होता. भाऊजी आईला घेऊन स्टेशनच्या इमारतीत गेले. जाताना म्हणाले, “तू दार लाव, मी येतोच.” आले नाहीत. दुपारी समुद्र मिठागरं ओलांडून आत आला. नारळाची झाडं वाकता वाकता मोडत होती. कोळीवस्तीतली एक बाई दोन लेकरं घेऊन गुडघाभर पाण्यातून आली आणि दार ठोकायला लागली. क्वार्टरचं जोतं उंच, पाणी आत आलं नव्हतं; ताईंनी तिला आत घेतलं. थोड्या वेळानं दाराची कडी तुटली. तेव्हा कोयंड्यात दोर ओवून दोघी तो ओढून बसल्या, पाठ दाराला लावून, अंधार पडेपर्यंत.

“तिचं घर गेलं. नवरा होडीसकट गेला,” ताई म्हणाल्या. “दुसऱ्या दिवशी रुळांवर होड्या पडल्या होत्या. विहिरींचं पाणी तोंडात धरवत नव्हतं. मेलेल्या गाई अजून उचलून राहिले असतील तिकडं.”

भाऊजी म्हणाले, “बाबूजी, हवा इतकी होती की...”

“थांबा,” मामाजी म्हणाले. त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मी त्यांना फॅक्टरीत काम करताना कधी पाहिलं नव्हतं. ते असेच बसत असतील.

“स्टेशन घरापासून किती दूर?”

“समोरच. लाईन ओलांडली की.”

“वारा कधी पडला?”

“अंधार पडला तेव्हा.”

“अन् तुम्ही घरी कधी आले?”

“सकाळी. आईला एकटं कसं सोडणार?”

“स्टेशनात अजून कोणी होतं?”

“होते ना, पूरा स्टाफ होता. त्यांच्या घरची मंडळी पण.”

“मग आई एकटी कशी?”

भाऊजींनी डब्यावरची सुतळी बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

“चलो, जेवून घ्या,” मामाजी उठत म्हणाले. “संध्याकाळची गाडी आहे तुमची.”

भाऊजी जेवायला थांबले नाहीत.

मामाजींनी ताईंची माफी वगैरे कधी मागितली नाही. तो त्यांचा पिंडच नव्हता. पण क्वार्टरमधल्या लोकांनी टोचून विचारलं की तेच पुढे होऊन सांगायचे, “घर पडलं तिचं. मी खुद्द चौकशी केली.” त्यांच्या चौकशीवर शंका घ्यायची कोणाची हिंमत नव्हती. ताईंनी पुढं बालवाडी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं, जवळच पनागरला नोकरी लागली, तिथंच खोली केली. भाऊजींनी दुसरं लग्न केल्याचं कानावर आलं. मामाजी गेले तेव्हा ताई त्यांच्या उशाशी होत्या.

आता टीव्हीवर वादळं दिसतात. परवा एक असंच दाखवत होते. धडधाकट माणूस खांबाला धरून उभा होता आणि त्याला पाऊल टाकता येत नव्हतं. मला एकदम शंका आली. अशा वाऱ्यात कोणी लाईन तरी कशी ओलांडणार? आम्ही त्या माणसाला उगाच तर गुन्हेगार ठरवलं नाही ना? पनागरला गेले तेव्हा ताई भेंडी पुसत होत्या. मी धीर करून विचारलं, “ताई, त्यांना येताच आलं नसेल, असं नाही वाटत?”

“नसेलच आलं,” ताई म्हणाल्या. “माझं काही म्हणणं नाही त्याबद्दल. सकाळी आले न, तर आधी आत जाऊन तांदळाचं पोतं पाहिलं. म्हणाले, इतका कमी कसा झाला? त्या लेकरांना मी भात करून घातला होता. माझ्या हाताला फडकं बांधलेलं होतं. ते नाही दिसलं त्यांना.”

“मग हे तेव्हा मामाजींना काहून नाही सांगितलं?”

“बाबा म्हणाले असते, तांदळावरून कोणी घर सोडते का?”

त्यांनी थाळी माझ्याकडे सरकवली. मी भेंडीची देठं काढायला लागले.