जपानीसाठी जासईला

माझ्या मोठ्या बहिणीला मी माझ्याच घरात गप्प केलं. चौदा वर्षं झाली. तिचं ऐकून माझी सात वर्षांची ईशा ‘पानी’ म्हणायला लागली, तेव्हा मी म्हणालो, “बाय (आम्हा आगरी लोकांत मोठी बहीण), पोरीसमोर आपली बोली नको. तिचं इंग्लिश बिघडतं.” ती भांडली नाही. फक्त पुन्हा घणसोलीला आमच्याकडे आली नाही.

ईशा आता वाशीला जपानी शिकते. नोकरीसाठी त्याची परीक्षा पास व्हायला हवी आणि ती दोनदा नापास झाली. तिच्या बाईंनी मला बोलावून सांगितलं, “ती आधी इंग्लिशमध्ये वाक्य करते, मग उलटं फिरवते. जपानीत क्रियापद शेवटी येतं, ‘घरात’मधल्या ‘त’सारखा प्रत्यय नामाच्या मागे लागतो. मराठीसारखंच. तुम्ही घरी मराठी बोलत नाही का?”

घरी आम्ही बहुतेक इंग्लिशच बोलायचो; मला जासईला राहणारी बाय आठवली. रविवारी आम्ही वाशीहून उरणकडची बस धरली.

खारफुटी संपली आणि रस्त्याला लागून कंटेनरच्या भिंती सुरू झाल्या. ज्या भातशेतावरून मी उतरायची जागा ओळखायचो, ते शोधत बसलो आणि जासई मागे पडलं. पुढच्या स्टॉपला उतरून ट्रेलरच्या धुळीतून चालत आलो. टपरीवाल्याला बायचं, म्हणजे हिराबाईंचं, घर विचारलं.

“हिराबायकडं? तुमी कोन?”

“भाऊ.”

“तिला भाऊ हाय?” त्याने हातानेच गल्ली दाखवली.

बाय दारातच होती. केस पांढरे झालेले. “आयलास?” (आलास?) म्हणाली. मग ईशाकडे बघून, “पोरीला पानी देऊ? का ‘पानी’ म्हनलेलं चालत नाय अजून?”

जेवायला तांदळाची भाकरी आणि जवळा (सुकी बारीक कोळंबी). ईशाने ताटाशेजारीच वही उघडली.

“आत्या, ‘मी घरात भात खाते’, तुमच्या बोलीत सांगा ना.”

“मी घरान भात खातंय. यात काय शिकायचाय?”

ईशाने त्याखाली जपानी लिहिलं : वाताशि वा उचि दे गोहान ओ ताबेमास्. “बाबा, बघा. ‘घरा’च्या मागे ‘न’, ‘उचि’च्या मागे ‘दे’. खाणं शेवटी. एकही शब्द हलवावा लागला नाही.”

“मंग जपानवाले जासईचेच असतील,” बाय म्हणाली.

ईशा खूप हसली. मग म्हणाली, “हे घरात होतं, तर मला कुणी दिलं का नाही?” बाय माझ्याकडे न बघता भाकरी वाढत राहिली.

निघताना ईशा चपला घालत म्हणाली, “आत्या, मी जाते.”

“जाते नाय म्हनायचं. येते म्हन.”

ईशा थांबली. “जपानीत पण असंच आहे. इत्ते किमास्, म्हणजे जाऊन येते. मला वाटायचं, जाणारा माणूस येतो कसा म्हणेल? इंग्लिशमध्ये असं नसतंच.” मग जरा अडखळत, “पण ते फक्त स्वतःच्या घरातून निघताना म्हणतात.”

“मंग म्हन की.”

ती म्हणाली, दोन्ही भाषांत, आणि पुढे गेली. मी उंबऱ्यातच राहिलो. बायला सांगायची म्हणून बसमध्ये मनात जुळवलेली शुद्ध मराठीतली वाक्यं आठवेनात. इतकी वर्षं आपल्या बोलीत बोलायला माझंही कुणी उरलं नव्हतं, ते तिथे कळलं.

“बाय,” मी म्हणालो, “तुला गप केला मी. माजा चुकला.”